दोनदा दिलेला हुकूम

त्यांना काय म्हणून हाक मारायची, इथपासूनच माझा गोंधळ सुरू झाला.

माझी नोकरी त्या वसंतात गेली होती. नवरा सकाळी आठला चिप बनवणाऱ्या कंपनीत जायचा तो सहाला यायचा, आणि मी दिवसभर घरी बसून अर्ज पाठवत राहायचे. तेवढ्या वेळात डच तरी सुधारावं म्हणून मी हॉलंडमधल्या आमच्या नायमेखन शहराच्या ग्रंथालयात नाव नोंदवलं. नजर गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन वाचून दाखवणारे स्वयंसेवक तिथून पाठवतात. तिथल्या बाईंनी यादी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एक इंग्रज गृहस्थ आहेत. त्यांना इंग्रजी वाचणारं कोणी मिळत नाहीये." म्हणजे ज्यासाठी गेले होते ते बाजूलाच राहिलं.

शहराच्या पूर्वेला या सपाट देशाला अचानक टेकड्या फुटतात. तिथे चढावर त्यांचं घर होतं. अर्ध्या वाटेवर मी सायकलवरून उतरले आणि ती ढकलत नेली. दार त्यांनीच उघडलं. उंच, जरा वाकलेले, कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर, एक हात भिंतीवर. नव्वदी ओलांडलेली होती.

"ग्रंथालयाने सांगितलं, की इथे एक इंग्रज गृहस्थ..." मी सुरुवात केली.

"इंग्रज नाही. आयरिश."

"पण तुमचं बोलणं तर..."

"शाळा इंग्लंडमधली होती. हे बोलणं शाळेने दिलं. नंतर परत करता आलं नाही."

मी त्यांना काय म्हणू, असं विचारल्यावर म्हणाले, नावाने हाक मार. माझ्या वडिलांपेक्षाही म्हाताऱ्या माणसाला नावाने? ते मला जमणारच नव्हतं. टेबलावरच्या पाकिटांवर त्यांच्या नावाआधी लॉर्ड असं छापलेलं दिसलं. ते तर माझ्या तोंडून निघणंच शक्य नव्हतं, कारण शाळेत लॉर्ड म्हटलं की पुढे कुठला तरी जुलमी कायदा यायचा. शेवटी मी 'सर' म्हणाले. त्यावर त्यांनी नाक मुरडलं. "सर ही वेगळी पदवी आहे. ती मला कोणी दिली नाही." आणि मग एकदम हसायला लागले. मी सरच म्हणत राहिले.

मी पुण्याची, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "माझ्या काकांचा घोडा तिथे पुरलाय." यावर काय बोलायचं असतं ते मला अजूनही माहीत नाही. मी 'अच्छा' म्हणाले.

मला वाटलं होतं वर्तमानपत्र वाचायचं असेल, फार तर एखादी कादंबरी. त्यांनी कपाटाकडे बोट केलं. आत निळ्या कापडाच्या बारा वह्या होत्या. त्यांची रोजनिशी. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेले तेव्हापासून राजकारण सुटेपर्यंतची.

"मला माझं आयुष्य ऐकायचंय," ते म्हणाले. "शेवट तर दिसतोच आहे. मधलं विसरायला लागलोय."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मी जाऊ लागले.

अक्षर तिरकं, शाई तपकिरी पडलेली. पहिले काही दिवस मला ओळी लावतानाच घाम फुटायचा. पण त्याहून अवघड होतं ते त्यातल्या माणसाला कुठल्या तरी खणात बसवणं. आयर्लंडच्या मध्यभागात त्यांच्या बापजाद्यांचं प्रचंड घर होतं, आणि त्या घराच्या बऱ्याच खोल्यांमध्ये बादल्या ठेवलेल्या होत्या, कारण छप्पर गळायचं. गावातले लोक वडिलांना बघून टोपी काढायचे. त्याच लोकांनी यांच्या जन्माआधी ते घर एकदा पेटवायचा प्रयत्न केला होता. हे दोन्ही ते एकाच वाक्यात सांगायचे, जणू त्यात काहीच विसंगत नाही. आयर्लंड स्वतंत्र झाला होता, तरी हे सैन्यात गेले ते इंग्लंडच्या. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सगळे थोरले तिकडेच गेले होते." थोरला भाऊ घोड्यावरून पडून गेला म्हणून उमरावकी यांच्याकडे आली.

"मग तुम्ही लॉर्डांच्या सभागृहात बसायचात?" मी विचारलं.

"नाही. आमची उमरावकी आयरिश. तिला तिथे जागा नव्हती."

"पण तुम्ही खासदार होतात ना?"

"होतो. खालच्या सभागृहात. लोकांमधून निवडून आलो, दोनदा. तिसऱ्यांदा पडलो."

"म्हणजे लॉर्ड असून लॉर्डांच्या सभागृहात नाही, आणि आयरिश असून इंग्रजांच्या मतांवर इंग्रजांच्या संसदेत."

"बरोबर," ते समाधानाने म्हणाले. "तुला लगेच समजलं. माझ्या मतदारांना शेवटपर्यंत समजलं नाही."

मला काहीही समजलेलं नव्हतं. घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगायला बसले आणि दोन मिनिटांत तोही हरवला.

चौथ्या वहीत ते एका गरम बेटावर पोचले. बेटाचं नाव ते मुद्दाम घ्यायचे नाहीत, म्हणून मीही घेत नाही. त्या दिवशी त्यांनी मला वही बंद करायला सांगितली. "हे मीच सांगतो," म्हणाले आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

बाजारातला चौक. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. लोक स्वातंत्र्य मागत होते आणि पुढच्या रांगेत शाळेतल्या मुली होत्या, वेणीला रिबिनी बांधलेल्या. दगड येत होते. कर्नलचा निरोप आला, गोळ्या झाडा. हे तेव्हा सत्तावीस वर्षांचे कॅप्टन. त्यांनी हुकूम दिलाच नाही. टोपी काढली, पिस्तूल सार्जंटच्या हातात दिलं आणि एकटे चालत गर्दीत गेले. पुढे एक म्हातारे शिक्षक होते. त्यांच्याशी बोलत हे दुकानाच्या पायरीवर बसले. अर्ध्या तासात गर्दी पांगली. एकही गोळी सुटली नाही.

"मग तुम्हाला शिक्षा झाली?"

"शिक्षा नाही. पण पुढे कधी वर चढू दिलं नाही. वाट बघून बघून सैन्य सोडलं."

ती बातमी कशी तरी बाहेर पडली. तिच्यामुळेच एका इंग्लिश गावाने त्यांना उमेदवारी दिली, भाषणांत लोक तीच गोष्ट मागायचे. हॉलंडहून एक तरुण पत्रकार मुलाखत घ्यायला आली होती, तीही त्याच गोष्टीसाठी. "ती प्रश्न विचारायला आली आणि पन्नास वर्षं थांबली," ते म्हणाले. निवडणूक हरल्यावर ते तिच्या गावी राहायला आले, म्हणजे इथे. पियानोवर तिचा फोटो होता, वाऱ्याने केस उडालेले, डोळे मिचकावलेले. ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी खूप भारावून घरी आले. टेकडीवरून सायकल सोडली ती खालच्या सिग्नलपर्यंत पेडल मारलंच नाही. एवढा मोठा माणूस, आणि मी त्याला संत्री सोलून देते.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी तोच दिवस वहीतून वाचायला सांगितला. मी पान काढलं आणि मोठ्याने सुरुवात केली. "सकाळी नऊ. गर्दी फार. दगड." वाचताना डोळे जिभेच्या पुढे पळतात, तसे माझे पळाले. पुढे लिहिलं होतं: कर्नलचा निरोप आला. मी हुकूम दिला. सार्जंटने तो पुढे सांगितला नाही. मी पुन्हा दिला. तो समोर बघत उभा राहिला. मग त्याने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि चालत गर्दीत गेला.

मी थांबले.

"का थांबलीस?"

"पान चिकटलंय."

"सुटं कर."

"फाटेल, सर. जुना कागद आहे."

"मग पुढचं वाच."

पुढची पानं मी घाईघाईने उलटली आणि मिळालं ते वाचलं. त्यात बेटावरच्या संत्र्यांचं कौतुक होतं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मी खोटं का बोलले? त्यांना वाचवायला, की मला जे आवडलं होतं ते वाचवायला? आणि एक मोठा प्रश्न होता. लिहिलं त्यांनीच होतं, मग ते मला वाचायला का सांगतील? विसरले असतील? की हे पान कोणीतरी वाचावं म्हणूनच मला बोलावलं होतं?

नवरा म्हणाला, "एवढं काय? दुसरा म्हातारा घे."

रविवारी मी अण्णांना फोन लावला. अण्णा, माझे वडील, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता साताऱ्यात असतात. नोकरीबद्दल त्यांनी घरात कधी काही सांगितलं नाही. आम्हाला माहीत होत्या त्या फक्त बदल्यांच्या गावांची नावं आणि ट्रंकेवर रंगवलेला नंबर.

"अण्णा, साहेबाने हुकूम दिला आणि खालच्याने ऐकला नाही, असं होतं का?"

"का विचारतेस?"

मी सगळं सांगितलं. चौक, मुली, वहीतलं पान. पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं फोन कट झाला.

"हॅलो? अण्णा?"

"ऐकतोय. सार्जंटचं काय झालं?"

"म्हणजे?"

"आगं, हुकूम मोडला त्याने. दोनदा. त्याला कोर्टापुढे उभा करतात, पोरी. नोकरी जाते, आत टाकतात. त्याचं काय झालं पुढे?"

मला माहीत नव्हतं. मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. दोन दिवस मी फक्त लॉर्डांचा विचार करत होते.

"मग ते आधी वाच," अण्णा म्हणाले. "आणि मग मला सांग."

फोन ठेवताना मी विचारलं, "तुमच्यावर कधी अशी वेळ..."

"जेवायला वाढलंय," अण्णा म्हणाले.

मंगळवारी गेले तेव्हा घरी येणारी नर्स त्यांना आंघोळ घालत होती. आतून तिचं मोठ्याने डच आणि त्यांचं तक्रारीच्या सुरातलं इंग्रजी ऐकू येत होतं. मी वही काढली आणि उभ्या उभ्या वाचायला लागले.

त्या रात्री त्यांनी सार्जंटला अटक करायचं ठरवलं होतं. तसं लिहिलंच होतं. दुसऱ्या दिवशीची नोंद: 'त्याला तीन मुलं आहेत.' एवढीच. तिसऱ्या दिवशी: 'अहवाल दिला. मी हुकूम दिला नाही असं लिहिलं. गर्दीत मी गेलो असं लिहिलं. कर्नलने तीनदा विचारलं, तीनदा हेच सांगितलं.' आणि आठवड्यानंतर: 'सार्जंट आला. आभार मानेल असं वाटलं होतं. म्हणाला, सर, मी दोन्ही वेळा ऐकलं होतं. सलाम केला आणि गेला.'

मी खुर्चीत बसले. म्हणजे त्यांनी सार्जंटला वाचवण्यासाठी त्याचा गुन्हा स्वतःवर घेतला होता. त्यापायी स्वतःची बढती घालवली होती. हे खरंच मोठं होतं. पण गुन्ह्याबरोबर त्याचा मोठेपणाही घेतला होता, आणि पुढे सैन्याबाहेर तो गुन्हा राहिलाच नाही, नुसता मोठेपणा राहिला. भाषणं, मतं, पियानोवरच्या फोटोतली बाई, सगळं त्यावर उभं होतं. मग ते चोर झाले की त्यागी? मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "वाचला ना सार्जंट? मग बरं." आणि थोड्या वेळाने, "पण दोन्ही वेळा ऐकलं होतं, असं म्हणाला म्हणजे खमक्या होता."

अण्णांच्या बाजूने ते प्रकरण मिटलं. माझ्या बाजूने नाही.

जूनमध्ये त्यांची मुलगी आयर्लंडहून आली. साठीची, उन्हाने लाल झालेला चेहरा, हात शेतात काम करणाऱ्या बाईसारखे. वडिलांना ती 'डॅडी' म्हणायची. मोठं घर त्यांनी कधीच विकलं होतं. आता ते हॉटेल होतं, पण गावातल्या लोकांनी शेजारच्या जुन्या शाळेत छोटं संग्रहालय काढायचं ठरवलं होतं आणि तिथे डॅडींवर एक फलक लागणार होता. गावाने लॉर्डांच्या घराण्यातल्या कोणाबद्दल आपणहून चांगलं लिहावं, हे पहिल्यांदाच घडत होतं, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज बदलला.

"तुम्ही वह्या वाचल्या आहेत," ती स्वयंपाकघरात मला म्हणाली. "चौकाच्या दिवसाचं पान मला काढून द्याल? त्याचा फोटो फलकावर लावायचाय."

मी म्हणाले, "शुक्रवारी देते."

दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. तिला काढून द्यायचं? हरवलं म्हणायचं? शेवटी एवढंच सुचलं, की पान त्यांचं आहे, तेव्हा आधी त्यांनाच ऐकवायला हवं. शुक्रवारी मुलगी सामान आणायला गेल्यावर मी म्हणाले, "सर, ते चिकटलेलं पान सुटलंय."

"वाच."

मी वाचलं. हुकूम, पुन्हा हुकूम, टोपी. मग अहवाल. मग सार्जंटचं वाक्य. वर बघायची हिंमत झाली नाही. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"हे कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचं, सर. तुमची चौथी वही."

"मी असं लिहिलंय?"

"हो."

"मला तो चौक आठवतो," ते हळूहळू म्हणाले. "पायाखालचे दगड आठवतात. टोपी माझ्या हातात आहे, ते आठवतं." त्यांनी रिकामा हात पुढे धरून बघितला. दिसत नसूनही बघितला. "ती कोणाची टोपी होती?"

मी पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं.

"त्याचं नाव लिहिलंय का?"

लिहिलं होतं. मी वाचलं. त्यांनी ते नाव दोनदा उच्चारलं, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने, गावाकडच्या आवाजात. मग त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की तो सार्जंट त्यांच्याच गावचा होता, त्यांच्या वडिलांच्या तबेल्यात काम करणाऱ्याचा मुलगा. लहानपणी दोघं एकाच ओढ्यावर मासे धरायला जायचे. हे वह्यांत कुठेच नव्हतं. "त्याला सांगायचं राहिलं," ते म्हणाले. काय सांगायचं, ते मी विचारलं. त्यांना आठवेना, किंवा सांगायचं नव्हतं.

मुलगी परत आली तेव्हा त्यांनी तिला सरळ सांगितलं, फलकावर सार्जंटचं नाव लावा. तिने वहीतलं पान वाचलं. मग पिशव्या तशाच ठेवून ती बागेत गेली. मी मागे गेले.

"तुम्ही त्यांना हे का वाचून दाखवलंत?" तिने विचारलं. रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

"तुम्ही पान मागितलंत म्हणून."

"आईने या गोष्टीवरच लग्न केलं त्यांच्याशी. तिला माहीत होतं का?"

"मला नाही माहीत."

"ते आता काहीही सांगतात. काल मला माझी आत्या समजले. कदाचित तेव्हाही ते... तापात लिहिलं असेल. बेटावर सगळ्यांना ताप यायचा." ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी हो म्हणावं. मलाही हो म्हणावंसं वाटलं.

पण लॉर्डांनी हेका सोडला नाही. त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. सार्जंट केव्हाच गेला असणार, म्हणून त्याच्या मुलांना. मजकूर चार ओळींचा: तुमच्या वडिलांनी हुकूम मानला नाही आणि माणसं वाचवली. श्रेय मी घेतलं. वहीतल्या पानाचा फोटो सोबत आहे. मुलीनेच शेवटी गावात चौकशी करून पत्ता मिळवला. सार्जंटची धाकटी लेक तिथेच राहत होती, चर्चच्या मागे. दोघी एकमेकींना बाजारात भेटत होत्या, इतकी वर्षं, आणि हवापाण्यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या, म्हणून ती कोणाची लेक ते मुलीला माहीतच नव्हतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मीच उघडलं, मीच वाचलं. पाकीट फाडताना मला वाटत होतं, रागाचं पत्र असेल, किंवा रडण्याचं. सार्जंटच्या लेकीने लिहिलं होतं:

'पत्र मिळालं. आम्हाला हे काही समजलं नाही. बाबा ही गोष्ट दर नाताळला सांगायचे. कॅप्टनसाहेबांनी टोपी काढून बाबांच्या हातात दिली आणि ते एकटे गर्दीत गेले, असंच ते सांगायचे. कोणी लॉर्डांच्या घराण्याला नावं ठेवली की बाबा ही गोष्ट सांगून त्याला गप्प करायचे. आमचे बाबा खोटं बोलणारे नव्हते. तुमची तब्येत बरी असावी.'

मी पत्र खाली ठेवलं. लॉर्डांनी हात पुढे करून कागद चाचपला.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"तो का असं सांगेल?" त्यांनी मला विचारलं. "त्याच्या घरात? त्याच्या मुलांना?"

अहवालात जे लिहिलं गेलं ते दोघांनी जन्मभर निभावलं असेल. साहेबाने आपल्याला वाचवलं, त्याची परतफेड केली असेल त्याने. किंवा वहीतच खोटं असेल. सत्तावीस वर्षांच्या मुलाने स्वतःला शिक्षा म्हणून लिहिलं असेल, कारण हुकूम द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. असंही असेल की दोघंही गेले होते आणि टोपी कोणी कोणाच्या हातात दिलीच नव्हती. हे सगळं मी सायकलवर, भांडी घासताना, मुलाखतीच्या आधी पाच मिनिटं, कितीदा तरी उलटसुलट केलं. अण्णांनाही सांगितलं. ते या वेळी बराच वेळ बोलले, पण दुसऱ्याच कोणाबद्दल: कुठल्या तरी चौकीवर त्यांच्याबरोबर असलेल्या नायक हुद्द्याच्या एका जवानाबद्दल, ज्याचं नाव ते तिसऱ्या वाक्याला विसरले. मी थांबवलं नाही. त्या गोष्टीत साहेब कोण होता आणि हुकूम काय होता, ते शेवटपर्यंत आलं नाही.

त्यानंतर लॉर्डांनी वह्या मागणं बंद केलं. त्यांना घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्या ऐकायच्या असायच्या. मी त्या वाचायचे. मुलीने बाराच्या बारा वह्या गाडीत घालून नेल्या. फलकावर काय लिहायचं यावर गावाची सभा झाली आणि तिथे म्हणे सार्जंटची लेक आणि लॉर्डांची मुलगी भांडल्या, उलट्या बाजूंनी. मुलगी म्हणत होती, सार्जंटचं नाव घाला, डॅडींनी सांगितलंय. लेक म्हणत होती, बाबांना ते आवडलं नसतं. शेवटी फलकावर एवढंच आलं, की या गावचे दोन सैनिक त्या दिवशी त्या चौकात होते आणि एकही गोळी सुटली नाही. मुलीने मला फोटो पाठवला. भांडणानंतर दोघी चहा प्यायला गेल्या, असंही लिहिलं होतं.

सप्टेंबरमध्ये मला आइंडहोवनला नोकरी लागली. रोजच्या ट्रेनमध्ये मंगळवार-शुक्रवार गेले, मग मी शनिवारी जायला लागले, मग महिन्यातून एकदा. हिवाळ्यात त्यांना त्याच टेकडीवरच्या वृद्धाश्रमात हलवलं. खिडकीतून झाडांचे फक्त शेंडे दिसायचे, म्हणजे मला दिसायचे.

शेवटची गेले तेव्हा ते मला बायको समजत होते. माझ्याशी डच बोलत होते, फार छान डच, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मला पहिल्यांदाच कळलं की त्यांना डच येतं. "तुला चौकाचं ऐकायचंय ना," ते म्हणाले. "त्यासाठीच आलीस." मी हो म्हणाले.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. फळ्या लागलेली दुकानं, रिबिनी, दगड. आणि मग त्यांच्या पुढ्यातून कोणीतरी टोपी न घालता चालत गेलं. ते मागे उभे होते. त्याची पाठ दिसत होती, घामाने काळी झालेली. ते ओरडत होते, परत ये. तो वळला नाही. "मग मी त्याच्या मागे गेलो," ते म्हणाले. "त्याला आणायला. आणि तिथपर्यंत गेल्यावर परत कसं यायचं ते समजेना, म्हणून पायरीवर बसलो."

ही चौथी गोष्ट होती. ती त्यांना आठवली होती, की मी वाचलेलं आणि पत्रात आलेलं एकमेकांत मिसळून तयार झाली होती, हे मी कोणाला विचारणार? मी विचारलं, "आणि टोपी?"

"कुठली टोपी?" ते म्हणाले.

तेवढ्यात जेवणाची ट्रॉली आली. मी त्यांच्या गळ्याशी रुमाल बांधला, सूप जरा गार केलं आणि चमच्याने भरवलं. वाटाण्याचं होतं. त्यांनी सगळं संपवलं. नंतर ते झोपले आणि मी पावणेतीनची बस पकडून स्टेशनवर गेले.

मार्चमध्ये ते गेले. त्यांना त्यांच्या बायकोच्या शेजारी पुरलं, नायमेखनमध्येच. मुलीबरोबर सार्जंटची लेकही आयर्लंडहून आली होती, काळ्या कोटातली बुटकी बाई. कबरीपाशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही वाचलंय ना ते? खरं काय होतं?"

मी तिला सांगितलं की मला माहीत नाही. तिने मान हलवली, आणि आम्ही तिघी गाडीच्या दिशेने चालायला लागलो, कारण वारा फार होता.